धोमकाठी स्पिरिटचा स्टोव्ह: एका भडक्याचा पंचनामा

जानेवारीतला शनिवार-रविवार. साताऱ्याहून चौघे जण दोन मोटारसायकलींवर वाईमार्गे कमळगडाच्या पायथ्याला गेले. मुक्काम धोम धरणाच्या पाण्यापासून थोडा वर, मालकाला विचारून, पीक निघालेल्या शेतात. सोबत स्पिरिटवर चालणारे दोन स्टोव्ह होते. एक पितळी बर्नर, स्टीलच्या स्टँडसकट. दुसरा कोल्ड्रिंकच्या कॅनमधून घरी कापून केलेला. रविवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास पितळी बर्नरमध्ये पुन्हा इंधन ओतताना बाटलीच्या तोंडाशी भडका उडाला. ओतणाऱ्याच्या उजव्या मनगटावर फोड आले, हातावरचे केस जळाले, बाटली हातातून सुटली आणि सतरंजीएवढं वाळलं गवत पेटलं. दोन लिटर पाणी आणि एक ओला टॉवेल एवढ्यावर निभावलं.

परत आल्यावर चौघांनी सांगितला तो फक्त भडका. खोदून विचारल्यावर आणखी दोन गोष्टी निघाल्या. शनिवारी संध्याकाळी चहाला उकळी आलीच नाही. रविवारी सकाळी स्टोव्ह पेटता पेटेना. त्यांच्या लेखी ही तीन वेगळी दुखणी होती: पहिल्याला वारा कारण, दुसऱ्याला थंडी, तिसऱ्याला नशीब. बर्नर, पातेलं आणि उरलेलं इंधन टेबलावर मांडून पाहिलं तेव्हा तिन्हींचा माग एकाच पाच लिटरच्या पांढऱ्या कॅनपर्यंत गेला.

कॅनमध्ये काय होतं

2020 मध्ये घराघरांत, दुकानांत आणि सोसायट्यांत सॅनिटायझरचे कॅन आले. राज्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्याही तेव्हा सॅनिटायझर बनवत होत्या. मळीपासून स्पिरिट होतं हे सातारा-सांगलीकडे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. त्यामुळे ‘सॅनिटायझर म्हणजे आपलं कारखान्याचं स्पिरिटच की’ हा तर्क सहज झाला. माळ्यावर पडलेल्या कॅनमधला एक लिटर पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरला गेला. कॅनवरचं लेबल पुसट झालं होतं आणि ते वाचायचा प्रयत्नही कुणी केला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेने हातांसाठीच्या पातळ सॅनिटायझरची जी दोन सूत्रं दिली, त्यांतल्या एकात 80 टक्के इथेनॉल असतं, दुसऱ्यात 75 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. दोन्हींत 1.45 टक्के ग्लिसरीन आणि 0.125 टक्का हायड्रोजन पेरॉक्साइड, बाकी पाणी. शनिवारी चौघांनी पाहिलेली ज्योत पिवळी, लांब आणि धुरकट होती. पातेल्याच्या बुडाला बोट लावलं तर काजळीची गादी निघत होती. इथेनॉलची ज्योत निळी असते, टोकाला जरा पिवळी होते, आणि इतकी काजळी धरत नाही. कॅनमधलं द्रव्य आयसोप्रोपिलचं होतं, हे पुसट लेबल उजेडात तिरकं धरल्यावर वाचताही आलं.

आता एक गोष्ट सरळ करून घ्यावी लागेल. ‘सॅनिटायझरमध्ये दम नसतो’ असं लोक म्हणतात, ते इथे लागू नाही. या मिश्रणाच्या एका मिलीलिटरमध्ये साधारण 17 किलोज्यूल उष्णता आहे. चांगल्या 95 टक्के इथेनॉल स्पिरिटमध्ये साधारण 20. फरक आहे, पण चहा अडावा एवढा नाही. 600 मिली पाणी 20 अंशांवरून उकळीला न्यायला सुमारे 195 किलोज्यूल पुरतात. (धोमची उंची साडेसातशे मीटरच्या आसपास, तिथे पाणी साधारण 97 अंशांनाच उकळतं.) शनिवारी तीन वेळा 20-20 मिली करत 60 मिली जाळलं. म्हणजे हजार किलोज्यूलच्या वर उष्णता निर्माण झाली, लागणाऱ्या उष्णतेच्या पाचपट. तरी पाण्यावर नुसत्या वाफा. उष्णता होती, ती पातेल्यात गेली नाही.

ती कुठे गेली

पितळी बर्नर दुहेरी भिंतीचा असतो. मधल्या वाटीत ओतलेलं इंधन तळाच्या छिद्रांतून दोन भिंतींमधल्या फटीत शिरतं. पेटवल्यावर आधी वाटीच्या मध्यावर आळशी ज्योत दिसते. पितळ तापलं की फटीतलं इंधन उकळून त्याची वाफ काठावरच्या बारीक भोकांतून बाहेर येते आणि पेटते. मग भोवती ज्योतींचं कडं उभं राहतं. बर्नर ‘फुलला’ म्हणतात ते याला. उबदार हवेत मिनिटभर, थंडीत दोन-तीन मिनिटं लागतात, आणि तोवर पातेलं ठेवायची घाई करायची नाही. स्वीडनची ट्रांजिया कंपनी 1951 पासून याच धर्तीचा बर्नर बनवते. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त बर्नरांचा नमुना तोच.

या बर्नरच्या काठावर 24 भोकं होती. भिंगाखाली पाहिल्यावर नऊ पूर्ण बंद, चार-पाच अर्धी. बंद करणारा पदार्थ तपकिरी, लाखेसारखा चकचकीत, नखाने न निघणारा. तो ग्लिसरीनचा करपलेला थर. अल्कोहोल 80-82 अंशांना उडून जातं. ग्लिसरीन उकळायला 290 अंश लागतात. म्हणून प्रत्येक भरणीतलं ग्लिसरीन मागेच राहतं. प्रमाण कमी वाटतं, पण हिशेब करून पाहावा: दोन दिवसांत पाव लिटर जाळलं तर साडेतीन मिलीच्या वर ग्लिसरीन त्या छोट्या बर्नरमध्ये साचतं. पाऊण चमचा काकवी भोकांवर फासली तर काय होईल? तेच झालं. एका बाजूची भोकं बंद पडल्यामुळे ज्योतीचं कडं अर्धवटच फुललं. आच पातेल्याच्या एकाच कडेला लागत होती.

दुसरं कारण उंची. स्टँड उंच वाटला नाही म्हणून त्यांनी बर्नर स्टँडच्या आत ठेवण्याऐवजी जमिनीवर ठेवला आणि पातेलं तीन दगडांवर. बर्नरच्या काठापासून पातेल्याच्या बुडापर्यंत सात सेंटिमीटर अंतर पडलं. दोन बोटं, म्हणजे साधारण तीन-साडेतीन सेंटिमीटर, पुरे असतात. त्यापेक्षा जवळ नेलं तर हवा कोंडते, ज्योत पिवळी पडते, डोळ्यांना झोंबणारा वास येतो. लांब नेलं की ज्योत बुडाला स्पर्श करण्याआधीच वारा तिला आडवं करतो. तीन दगडांची चूल लाकडासाठी उत्तम. स्पिरिटच्या ज्योतीत लाकडाच्या जाळासारखा जोर नसतो. धोमच्या पाण्यावरून संध्याकाळी येणारा वारा दगडांच्या फटींतून सरळ आत घुसत होता.

तिसरं, काजळी. तिचा थर जाड झाला की तो बुडाला गोधडीसारखा चिकटतो. हे तुलनेने किरकोळ कारण आहे, पण त्यातून निष्कर्ष मात्र मोठा निघतो: काजळी म्हणजे न जळलेलं इंधन.

कोल्ड्रिंकच्या कॅनचा स्टोव्ह या प्रकरणात जवळजवळ आलाच नाही. बॅगेत दबून त्याचा जोड सुटला होता आणि ज्योत भोकांऐवजी जोडातून येत होती. असा जोड चिकटवून दुरुस्त करण्यात अर्थ नाही, पाच रुपयांच्या भंगारासाठी. नवा करावा.

सकाळ: काडी विझते

रविवारी सकाळी सातला हवा 11 अंश होती. बर्नरमध्ये रात्रीचं थोडं इंधन शिल्लक होतं, त्यावरच नवीन ओतलं. काडी जवळ नेली की विझायची. पाच-सहा काड्या गेल्या.

द्रव पेटत नाही, त्याची वाफ पेटते, आणि पेटण्याइतकी वाफ निघायला किमान एक तापमान लागतं. शुद्ध इथेनॉलला ते 13 अंशांच्या आसपास आहे. पाणी मिसळत जाल तसं वर सरकतं. 75-80 टक्क्यांच्या मिश्रणाला 18 ते 20 अंश लागतात. आणि बर्नरमध्ये होतं ते 75 टक्केही नव्हतं. जळताना अल्कोहोल आधी जातं, पाणी मागे राहतं. झाकण ठेवून विझवलेल्या बर्नरमधलं शिल्लक इंधन म्हणूनच नेहमी मूळ इंधनापेक्षा पातळ असतं. ते पुन्हा बाटलीत ओतलं तर सगळी बाटली बिघडते. त्यावर नवीन ओतलं तर नवीनही पातळ होतं. शिळं इंधन दुसऱ्या दिवशी थोड्या उघड्या मातीवर, पेटत्या वस्तूंपासून दूर टाकून द्यावं आणि बर्नर फडक्याने कोरडा करावा.

इथे एक विसंगती वाटेल. शुद्ध स्पिरिटमध्ये काजळी कमी व्हावी म्हणून दहावा हिस्सा पाणी घालावं असं ट्रांजियावालेही सांगतात. बरोबरच आहे. दहा टक्क्यांपर्यंत पाणी ज्योत शांत करतं. पंचवीस टक्क्यांना ते उष्णता खायला लागतं, आणि थंडीत पेटूच देत नाही.

थंडीतला उपाय सोपा आहे. त्या दिवशी लागणारं इंधन छोट्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून पहाटे दहा-पंधरा मिनिटं जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायचं. किंवा बर्नरखाली एक उथळ डबीचं झाकण ठेवून त्यात चमचाभर स्पिरिट पेटवायचं. तळ तापला की बर्नर आपोआप धरतो. ज्यांच्या घरी रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह होता त्यांना पेटवण्याआधी बर्नर तापवायचा काकडा आठवत असेल. तत्त्व तेच.

दुपार: दिसली नाही ती ज्योत

नऊ वाजता ऊन चढल्यावर स्टोव्ह पेटला, पण अशक्त. दुपारी चार पाकिटं मॅगीसाठी लिटरभर पाणी ठेवलं. एका भरणीत ते तापणार नव्हतं हे आदल्या संध्याकाळीच कळलं होतं, म्हणून मधे मधे ओतत राहायचं ठरलं. अपघात इथे ठरला, झाला नंतर.

गंमत अशी की आदल्या रात्री याच चौघांनी तीनदा भरणी केली आणि तिन्ही वेळा ज्योत पूर्ण विझेपर्यंत थांबले. अंधारात ज्योत दिसत होती. दुपारी ती दिसली नाही. आयसोप्रोपिलची ज्योत पिवळी असते, उन्हातही दिसायला हवी होती, असा प्रश्न रास्त आहे. पण भरणी संपत आली की वाटीत उरतं ते पाणीदार मिश्रण, आणि त्याची ज्योत ठेंगणी, फिकट निळी होते. काठाच्या खाली, वाटीच्या तळाशी ती कितीतरी वेळ रेंगाळते. वरून डोक्यावरचं ऊन आणि भोवती दगड. धूर थांबला, म्हणजे विझला, असा समज झाला.

ओतणाऱ्याने अर्धी रिकामी बाटली थेट बर्नरवर तिरकी केली. बाटली सकाळपासून उन्हात पडलेली. 30 अंशांना अशा बाटलीतल्या मोकळ्या जागेत आयसोप्रोपिलच्या वाफेचं प्रमाण सहा-सात टक्के होतं. ही वाफ हवेत साधारण 2 ते 12 टक्के असली की पेट घेते. म्हणजे बाटलीच्या आतली हवा नेमकी पेटण्याजोगी होती. इथेनॉलचंही हेच: पेट घेण्याची मर्यादा 3.3 ते 19 टक्के, आणि 30 अंशांना बाटलीत वाफ 10 टक्क्यांच्या आसपास. पेट्रोलच्या डब्यात वाफ इतकी दाट असते की आत जाळ शिरायला हवाच पुरत नाही. स्पिरिटच्या अर्ध्या बाटलीत मात्र हवा आणि वाफ यांचं माप बरोबर जुळतं. धारेवरून ज्योत बाटलीत चढली, आतली वाफ एकदम पेटली आणि जाळाचा फवारा तोंडातून बाहेर आला. समोर कुणी वाकून बसलं असतं तर तो चेहऱ्यावर गेला असता.

विझवताना एक गोष्ट त्यांनी नीट केली. स्पिरिट पाण्यात मिसळतं, रॉकेलसारखं वर तरंगत नाही, म्हणून गवतावर भरपूर पाणी ओतणं योग्य होतं. बर्नरवर मात्र पाणी फेकू नये. पेटतं इंधन उसळून बाहेर येतं. त्यावर स्टीलची मोठी वाटी उपडी घालायची. मनगट पाच मिनिटं पाण्यात धरलं आणि मग टूथपेस्ट लावली, ही चूक. भाजलेल्या जागेवर साधं थंड वाहतं पाणी वीस मिनिटं लागतं. घड्याळ, कडं, दोरा लगेच काढायचा. टूथपेस्ट, हळद, तूप काही नाही. स्वच्छ फडकं सैल झाकून डॉक्टरकडे.

काय बदललं

इंधन. रंगाच्या दुकानात पॉलिशसाठी मिळणारं डिनेचर्ड (पिता येऊ नये म्हणून भेसळ केलेलं) स्पिरिट घेतलं. ते दारूबंदी अधिनियम 1949 च्या कक्षेत येतं, त्यामुळे अधिकृत दुकानातूनच, गरजेपुरतं आणि बिलासह घ्यावं. थिनर, टर्पेंटाइन, पेट्रोल या बर्नरमध्ये कधीच नाही. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं. ते पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो; 2015 मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉलच्या दारूने शंभरावर माणसं गेली. त्यामुळे पाण्याची बाटली इंधनाला वापरणं ही भडक्याइतकीच गंभीर चूक होती. तंबूत रात्री तहानेने कुणीही ती तोंडाला लावू शकतो. आता जाड प्लास्टिकची, आवळ झाकणाची, लाल टेप गुंडाळलेली अर्ध्या लिटरची बाटली आहे. एसटीत ज्वालाग्राही पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा ती स्वतःच्या गाडीवरूनच जाते.

ओतण्याची पद्धत. बाटली बर्नरजवळ येतच नाही. औषधाबरोबर मिळतं तसं 10 मिलीचं मापाचं झाकण असतं. बाटलीतून त्यात, बाटली बंद करून चार पावलं लांब, मग झाकणातून बर्नरमध्ये. भरणी वाटीच्या दोन तृतीयांशपर्यंत. पुन्हा भरायचं असेल तर आधी स्टीलची मोठी वाटी बर्नरवर उपडी घालून विझवायचं आणि पितळाला बोट टेकवता येईपर्यंत थांबायचं, पाच ते दहा मिनिटं. विझल्याची खात्री डोळ्यांनी नाही, वाळल्या गवताच्या काडीने: सांडशीत धरून बर्नरच्या तोंडावर न्यायची. पेटली तर ज्योत जिवंत आहे.

जागा. बर्नर लोखंडी घमेल्यात, खाली दोन इंच माती. घमेल्याभोवती मीटरभर गवत खुरप्याने साफ. वाऱ्याला आडोसा म्हणून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा पातेल्याभोवती गोल, पातेल्यापासून बोटभर अंतर सोडून, खालच्या कडेला हवेसाठी भोकं पाडून. गॅसच्या छोट्या सिलिंडरच्या स्टोव्हला असा बंदिस्त आडोसा धोक्याचा, कारण सिलिंडर तापतो. स्पिरिटच्या बर्नरला तो चालतो. तंबूच्या आत मात्र कुठलाच स्टोव्ह नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बर्नरची साफसफाई सगळ्यात वेळखाऊ निघाली. ग्लिसरीन पाण्यात विरघळतं, पण करपलेला थर विरघळत नाही. बर्नर गरम पाण्यात रात्रभर भिजत घातला. मग एकेक भोक शिवणाच्या बारीक सुईने, फिरवत, न रुंदावता मोकळं केलं. भोक रुंदावलं की त्या जागेची ज्योत लांब होते आणि बाकीच्या मंदावतात. बाहेरून चिंचेच्या कोळाने घासला. पितांबरीही चालते, पण भोकांच्या ओळीपासून लांब. तिची पूड आत गेली तर पुन्हा तेच दुखणं. शेवटी थोडं चांगलं स्पिरिट आत घालून, हलवून, ओतून दिलं. पहिल्या दोन धुवणांना तपकिरी रंग आला, तिसरं स्वच्छ निघालं.

झाकणाच्या आतला रबरी वायसर एका बाजूने वितळून चपटा झाला होता. गरम बर्नरवर झाकण फिरवून बंद केल्याची ती खूण. त्या मापाचा वायसर हार्डवेअरच्या दुकानात मिळाला. वायसर नवा असला तरी इंधन बर्नरमध्ये भरून बॅगेत न्यायचं नाही.

त्याच बर्नरवर, स्टँडमध्ये नीट बसवून, पत्र्याच्या आडोशात, 22 अंशांचं अर्धा लिटर पाणी 20 मिली स्पिरिटवर नऊ मिनिटांत उकळलं. पातेल्याच्या बुडाला फक्त फिकट करडा डाग. लिटरभर पाण्याला मात्र तो बर्नर अजूनही कमीच पडतो; चौघांच्या मॅगीसाठी अर्धा-अर्धा लिटरचे दोन घाणे काढायचे, आणि दोन घाण्यांच्या मधे बर्नर गार होऊ द्यायचा. पुढच्या फेरीत दुधाचा चहा करून पाहिला तेव्हा तो उतू गेला आणि दूध भोकांत शिरलं. आच कमी करायला बर्नरवर बसणारी सरकत्या झाकणाची रिंग मिळते. ती अजून आणायची आहे, आणि सुई पुन्हा हातात घ्यावी लागली आहे.